शेवट असलेलेच पिक्चर? आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीला आणि गच्चीवरच्या समस्त प्रेक्षकांना खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, सेक्रेटरी साहेब, कमिटीतले बाकीचे मेंबर आणि त्या शनिवारी रात्री गच्चीवर सतरंज्या टाकून बसलेले सगळे,

नमस्कार. लिफ्टशेजारच्या बोर्डावर सोमवारी जी नोटीस लागली ती मी सकाळी ऑफिसला जाताना वाचली आणि संध्याकाळी येताना परत वाचली, कारण सकाळी वाटलं घाईत आपण काहीतरी चुकीचं वाचलं. "यापुढे गच्चीवर फक्त कौटुंबिक, आनंदी व शेवट असलेले चित्रपट दाखविण्यात यावेत." कौटुंबिक कळलं, आनंदी पण समजू शकतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं जरा हसायला वर येतात, पण शेवट असलेले म्हणजे काय ओ? मी काय अर्धा पिक्चर दाखवून प्रोजेक्टर बंद केला का? दोन तासाच्या वर चालला, नावं वर सरकेपर्यंत चालला. तुम्हाला म्हणायचंय खुनी सापडला नाही. मग तसं लिहा की सरळ.

आधी माझ्या चुका सांगतो म्हणजे नंतर कुणी मध्ये बोलायला नको. एक, मी पोरांना खाली पाठवा म्हणून आधी सांगायला पाहिजे होतं. क्राईम थ्रिलर आहे एवढंच सांगितलं आणि लोकांना वाटलं टीव्हीवर रोज लागतं तसलं काहीतरी असेल. तळमजल्यावरच्या वहिनींची तक्रार शंभर टक्के मान्य, त्यांचा धाकटा दोन रात्री लाईट लावून झोपला, त्याबद्दल माफी मागतो. दोन, सबटायटल इंग्रजी होते, आजी-काकूंसाठी मी माईकवर मराठीतून सांगत होतो आणि मध्ये मध्ये मीच बघत बसलो न सांगता. तीन, पडदा. सोलापुरात राहून प्लेन पांढरी चादर मिळेना म्हणजे बघा, कुणाच्याही घरात जावं तर मोर आणि फुलांची नक्षी, शेवटी दोन लुंग्या जोडून लावल्या आणि मधली शिवण बरोबर हिरोच्या नाकावरून गेली पूर्ण पिक्चरभर. एवढ्या तीन चुका माझ्या. बाकी जे झालं ते तुमचं-माझं सगळ्यांचं, त्यावरच लिहायचंय.

जे त्या दिवशी गावाला गेले होते त्यांच्यासाठी: पिक्चर कोरियाचा, मेमरीज ऑफ मर्डर, २००३ सालचा, डायरेक्टर बाँग जून-हो, तोच तो ज्याच्या पॅरासाईटला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. गोष्ट १९८६ पासूनची, एका खेड्यात भाताच्या शेताकडंला बायकांचे खून व्हायला लागतात, पावसाच्या रात्री, आणि गावातले दोन पोलीस आणि सोलहून आलेला एक शहाणा पोलीस असे मिळून शोधतात. ही खरी केस आहे, ह्वासाँग नावाच्या भागातली. पुढं सगळा शेवट फोडणार आहे, त्यामुळं ज्यांना बघायचाय त्यांनी पत्र इथंच घडी घालून ठेवावं.

आता त्या रात्रीची तुम्हाला आठवण करून देतो. पहिला अर्धा तास गच्चीवर काय हशा होता! सोलचा पोलीस गावात येतो, एका बाईला पत्ता विचारतो, ती घाबरून पळते आणि गावातला पोलीस त्यालाच गुन्हेगार समजून पळत येऊन उडी मारून लाथ घालतो, तिथं शिट्ट्या पडल्या. मग तो दुसरा पोलीस, जो संशयिताला लाथा घालायच्या आधी बुटावर कापड चढवतो, तिथं पण हसलो. डोक्यानं जरा कमी असलेला तो पोरगा, क्वांग-हो, त्याला उचलून आणतात, बेसमेंटमध्ये मारतात, मग त्याला नकली कंपनीचे बूट गिफ्ट देतात, मग परत मारतात, आणि मध्येच त्याच्याच शेजारी बसून टीव्हीवर पोलिसांची सिरीयल बघत नूडल्स खातात. ३०२ नंबरच्या फ्लॅटवाले तर म्हणले, "असंच पाहिजे, मारल्याशिवाय बोलत नसतात असले." आणि आपण सगळे हो हो म्हणलो. मी पण. माईकवर होतो म्हणून माझं हसणं सगळ्यात मोठं ऐकू आलं असणार.

पैजा कुणी लावल्या ते सांगू का? पहिल्यांदा क्वांग-होवर, "हाच आहे, डोळे बघ की याचे." मग जंगलात सापडलेल्या त्या दुसऱ्यावर एक प्लेट भजी. मग तिसरा आला, तो मऊ हाताचा, शांत चेहऱ्याचा कारखान्यातला पोरगा, ज्या रात्री रेडिओवर ते एक ठराविक गाणं लागतं त्या रात्री खून होतोय आणि त्या गाण्याची फर्माईश हा पाठवतो म्हणून पकडतात, तर तिथं सगळी गच्ची एकमतानं म्हणाली हाच. चेअरमन साहेब, तुम्ही स्वतः म्हणला, "मला बघितल्यावर कळतंय माणूस." हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय कारण पिक्चरमधला गावचा पोलीस पण अख्खा पिक्चर हेच म्हणत फिरतो. माणसाच्या डोळ्यात बघितलं की मला कळतं. आणि त्याच ज्ञानावर तो एकदा देवऋषी बाईकडं जातो, एकदा अंगावर केस नसलेला माणूस शोधायला सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन बसतो, काय काय करतो.

मग पाणी आलं.

हे मी विसरूच शकत नाही. पाच दिवसांनी येणारं पाणी बरोबर अकराला, बोगद्याचा सीन सुरू व्हायला आणि वॉचमननं खालून ओरडायला एकच गाठ पडली. निम्मी गच्ची उठली, हंडे, कळश्या, कॅन, मोटरची बोंबाबोंब, आणि जे वीस-पंचवीस मिनिटांनी पायऱ्या चढून घाम पुसत परत आले त्यांनी बघितलं तर पोलीसवाला वयस्कर होऊन मिक्सर विकतोय आणि पिक्चर संपला. मला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या त्या नेमक्या ह्याच पाणी भरायला गेलेल्या मंडळींनी. "शेवटच नाही बे ह्याला!" असं ओरडणाऱ्या भाऊंच्या हातात तेव्हा पण कॅन होता. भाऊ, शेवट होता, तुम्ही खाली होता.

तर बोगद्यात काय झालं ते सांगतो. अमेरिकेला तपासायला पाठवलेल्या डीएनएचा रिपोर्ट येतो, पाऊस धो धो, रेल्वेच्या रुळावर त्या मऊ हाताच्या पोराला सोलवाल्यानं मारून मारून रक्तबंबाळ केलेलं, तोच सोलवाला जो पहिल्यापासून म्हणत होता कागदावर विश्वास ठेवा, कागद खोटं बोलत नाहीत. आणि कागदावर लिहिलंय जुळत नाही. मग तो पिस्तूल काढतो. आणि गावचा पोलीस त्या पोराची हनुवटी धरून डोळ्यात बघतो, खूप वेळ बघतो, आणि म्हणतो की मला नाही कळत. त्यानंतर तो एक वाक्य बोलतो. इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं भलतंच काहीतरी केलं होतं, सकाळी उठतोस का वगैरे, पण मूळ कोरियन वाक्याचा अर्थ साधारण असा की जेवतोयस ना वेळेवर. ते वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं, त्या ॲक्टरनं, साँग कांग-होनं, स्वतःच्या मनानं टाकलेलं. मी हे आधी वाचून ठेवलं होतं म्हणून माईकवर तसंच सांगितलं आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी एकदम म्हणाल्या, "जेवलास का विचारतोय होय? त्याला?" आणि मग गप्पच झाल्या. त्या वाक्याचा अर्थ काय यावर जगभरातल्या लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. आजींना काही समजावून सांगावं लागलं नाही. घरातनं भांडून गेलेल्या पोराला, दारात आलेल्या परक्याला, आपल्याकडं पहिलं हेच विचारतात. राग संपला, ताकद संपली, आता काय बोलायचं राहिलंय तर हे. आजी पाणी भरायला गेल्या नव्हत्या, त्यांच्या सुनेला जावं लागलं, तो त्यांच्या घरचा मामला.

शेवटी तो पोलीसवाला बऱ्याच वर्षांनी त्याच शेताकडंच्या पाटाशी थांबतो, आत वाकून बघतो, तर एक छोटी मुलगी सांगते की मागं अजून एक माणूस इथं असाच बघत होता, म्हणाला पूर्वी मी इथं एक काम केलं होतं ते आठवलं. दिसायला कसा होता? साधा. चारचौघांसारखा. आणि पोलीसवाला सरळ कॅमेऱ्याकडं बघतो, म्हणजे आपल्याकडं. डायरेक्टरच्या डोक्यात असं होतं की खुनी हा पिक्चर बघायला येऊ शकतो, तर त्याच्या डोळ्यात बघायचं.

आता नोटीशीवर येतो. तुमचं म्हणणं की खुनी सापडायला पाहिजे होता. माझं तुम्हाला विचारणं एवढंच आहे की कोण? कारण त्या रात्री आपण तिघांना खुनी ठरवलं आणि तिघांपैकी कुणालाही पकडून फाशी दिली असती तर आपण टाळ्या वाजवून, सतरंज्या झाडून, शेंगाची चटणी आणि उरलेल्या कडक भाकरी वाटून घेऊन खाली गेलो असतो. नोटीस लागली नसती. "मस्त पिक्चर होता" असं चार जणांनी लिफ्टमध्ये सांगितलं असतं. आपल्याला खुनी पाहिजेच नव्हता, कुणीतरी पाहिजे होता.

आणि हे मी उगाच पोथी वाचल्यासारखं सांगत नाहीये, हे खरंच झालंय. १९८६ ते १९९१ मध्ये तिथं दहा खून झाले, एकवीस हजारांच्या वर लोकांची चौकशी झाली. त्यातला १९८८ चा आठवा खून, तेरा वर्षांच्या मुलीचा, त्यासाठी एक बावीस वर्षांचा पायानं अधू पोरगा १९८९ मध्ये पकडला. झोपू दिलं नाही, मारलं, कबुली घेतली. वीस वर्षं आत. २००९ ला सुटला. म्हणजे हा पिक्चर २००३ साली तिकडं थेटरात लागला आणि लोक बघून बाहेर येऊन अगदी तुमच्यासारखंच म्हणत असतील की खुनी सापडायला पाहिजे होता राव, तेव्हा तो बिचारा त्याच केसमधला सापडलेला माणूस म्हणून जेलमध्ये बसलेला. मग २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या कपड्यांवरच्या डीएनएवरनं खरा खुनी कळला. तो १९९४ पासून जेलमध्येच होता, मेहुणीच्या खुनात जन्मठेप भोगत. त्यानं हे सगळे दहाच्या दहा कबूल केले, वर अजून चार. आणि अधू पायाच्या माणसाला डिसेंबर २०२० मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला.

खऱ्या खुन्याला पोलिसांनी त्या काळात पण चौकशीला बोलवलं होतं बरं का. सोडून दिलं. पोलिसांच्या हिशोबानं खुन्याचा ब्लडग्रुप बी पाहिजे होता आणि याचा ओ निघाला.

यातलं बरंचसं मी रविवारी सकाळी हवालदार काकांना सांगत होतो, दुसऱ्या मजल्यावरचे, रिटायर होऊन जमाना झाला तरी आपण हवालदारच म्हणतो. ते शनिवारी पूर्ण वेळ टाकीला टेकून बसले होते, एकदा पण हसले नाहीत, मला वाटलं यांना आवडला नाही. तर ते चहा बशीत ओतत म्हणाले, "ते पायाचा ठसा पुसला गेला ना ट्रॅक्टरखाली, ते खरंय. आपण पोचेपर्यंत बघ्यांनी सगळं तुडवलेलं असतंय, पंचनामा काय करायचा, मातीचा?" मग थोड्या वेळानं, "आणि फोर्स मागितली तर सगळी मोर्चाच्या बंदोबस्ताला गेलीय म्हणतात ते. गड्ड्याच्या जत्रेला, वारीला बंदोबस्त लागला की आमचं पण चौकीत एक माणूस राहायचा, तेवढ्यात काय झालं की झालं." मी विचारलं, काका, ते मारायचं? त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, मारल्यावर माणूस कबूल करतोय, तेवढ्यासाठीच तर मारतात. केलं म्हणून कबूल करतोय का मारतात म्हणून, ते मारणाऱ्याला पण नंतर सांगता येत नाही. मग विषय बदलला. कोरियात तेव्हा खुनाला पंधरा वर्षांची मुदत होती, ती २००६ मध्ये संपली म्हणून त्या माणसावर परत खटलाच चालवता आला नाही हे सांगितल्यावर मात्र खवळले, "खुनाला कसली मुदत? आपल्याकडं नसते." हे त्यांचं बरोबर आहे, आणि तिकडं पण २०१५ मध्ये कायदा बदलला.

बाय द वे, चुकीच्या माणसाला शिक्षा हे आपल्या गावाला कुणी कोरियातून येऊन शिकवायची गरज नाही. चार पुतळा चौकातनं रोज जातो आपण, तिथले ते चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. आरोप पोलिसांच्या खुनाचा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, आणि तो खटला कसा चालवला होता ते आपण चौथीपासून भाषणात बोलत आलोय. कुठं इंग्रजांचा मार्शल लॉ आणि कुठं हा पिक्चर, मी तुलना करत नाहीये, फक्त सिग्नलला थांबलो होतो आणि वर बघितल्यावर डोक्यात आलं.

आता एक तक्रार जी कमिटीपर्यंत पोचलीच नाही. चौथ्या मजल्यावरची, फार्मसीला आहे ती, मध्येच उठून गेली होती. पाण्यासाठी नव्हे. शाळेतली एक मुलगी असते पिक्चरमध्ये, सोलवाला पोलीस तिच्या पाठीवर खरचटलंय तिथं पट्टी लावतो, साधी चिकटपट्टी. पुढं पावसात एक प्रेत सापडतं आणि पाठ उघडी पडते तर तीच पट्टी. ती तिथं उठली. नंतर जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "दादा, शेवट नाही म्हणून सगळे ओरडलालेत. पोलिसांचं काय झालं, खुन्याचं काय झालं, सगळं कळलं. त्या बायका कोण होत्या ते एकानं तरी विचारलं का?" मला उत्तर देता आलं नाही. खरंच पिक्चरमध्ये पण त्यांच्याबद्दल फार नाही, येतात आणि मरतात. मला आवडणाऱ्या पिक्चरमधली ही खोट मला इतक्या वेळा बघून दिसली नव्हती. आणि ती रोज क्लासवरनं साडेनऊला जुळे सोलापूरच्या त्या लाईट नसलेल्या गल्लीतनं चालत येते, तिला दिसली. कमिटीला नोटीसच लावायची असेल तर त्या गल्लीतल्या दिव्यासाठी अर्ज कुणी कुणी सह्या करणार त्याची लावा, पहिली सही माझी.

आनंदी पिक्चरला माझा विरोध नाही ओ. मी स्वतः दर दिवाळीला तेच ते जुने विनोदी पिक्चर बघतो. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहून, त्रेचाळीस डिग्रीत भाजून आलेल्या माणसाला हसायचंच असतं. पण चिडून खाली गेलात, दोन दिवस जिन्यात, पार्किंगमध्ये, दूधवाल्यासमोर त्याच विषयावर भांडलात, ३०२ वाले आणि भाऊ यांच्यात तर "खुनी तोच होता, रिपोर्ट चुकला" यावरनं बोलणं बंद व्हायची वेळ आली, हे कधी झालं होतं? मागच्या महिन्यात जो हसवणारा दाखवला त्याचं नाव सांगा बरं कुणीतरी. मला पण आठवत नाही, आणि लावला मीच होता.

एकच गोष्ट अजून सांगतो, ही त्या रात्री सांगायला पाहिजे होती पण तुम्ही भडकलेला होता. खऱ्या खुन्यानं जेलमध्ये हा पिक्चर बघितला. २०२० मध्ये त्या अधू पायाच्या माणसाच्या फेरखटल्यात साक्ष द्यायला आला तेव्हा त्यानं स्वतः सांगितलं. पोलीसवाला पडद्यावरनं ज्याच्या डोळ्यात बघत होता तो खरंच समोर बसला होता. काय वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाला, पिक्चर म्हणून बघितला, काही वाटलं नाही. त्या मानानं आपली गच्ची बरी. तुम्ही शिव्या घातल्या, आजी गप्प झाल्या, एक पोरगी उठून गेली, हवालदार काकांना रात्री झोप लागली नाही असं काकू म्हणत होत्या.

तर माझी विनंती अशी. नोटिशीतला "शेवट असलेले" हा शब्द काढावा, "आनंदी" ठेवायचं तर ठेवा, त्यावर मी भांडणार नाही. पोरांसाठी वेगळा शो आधी सातला, मोठ्यांचा नंतर, ही सूचना तळमजल्यावरच्या वहिनींची आहे आणि मला पटलीय. पडद्यासाठी वर्गणी काढावी, लुंग्या परत मागितल्यात.

आणि जे पाणी भरायला गेले होते त्यांच्यासाठी शेवटची पंचवीस मिनिटं परत दाखवायला मी तयार आहे. हवालदार काका पण येतो म्हणलेत, त्यांना ट्रॅक्टरचा सीन परत बघायचाय, तो सुरुवातीला आहे म्हणजे पूर्णच लावावा लागेल. वॉचमन म्हणतोय पुढचं पाणी बुधवारी रात्री आहे, तर मंगळवारी ठेवू. गच्चीची किल्ली सेक्रेटरी साहेबांकडं आहे, ती द्यावी.

आपला,
प्रोजेक्टरवाला, ४०३